पाणी कोणाच्या घरचे भरायचे?

जावा बेटावरच्या दोन इमारतींची हकिगत आधी सांगते, म्हणजे पुढचा विषय नीट ध्यानात येईल.

पहिली इमारत मध्य जावातल्या मागेलांग जिल्ह्यातली. बोरोबुदूरचा जगप्रसिद्ध स्तूप याच जिल्ह्यात आहे. तेथील पाबेलान या खेड्यात १९६५ साली हमाम जाफर नावाच्या एका तरुण धर्मशिक्षकाने मुलांसाठी निवासी शाळा सुरू केली. हाताशी पैसा नव्हता. मग मुले, शिक्षक आणि गावकरी यांनीच खपून वर्गखोल्या आणि राहण्याच्या जागा उभ्या केल्या. १९८० साली आगा खान वास्तुकला पुरस्कार प्रथमच दिले गेले, तेव्हा जगभरातल्या नामांकित वास्तूंच्या पंक्तीत ही खेड्यातली शाळाही जाऊन बसली.

दुसरी इमारत पूर्व जावातल्या सिदोआर्जोची. तीही निवासी इस्लामी शाळेचीच. २९ सप्टेंबर २०२५ रोजी दुपारच्या नमाजासाठी मुले तिथे जमली होती आणि वरच्या मजल्यांचे बांधकाम अजून चालूच होते. बघता बघता इमारत कोसळली. साठांहून अधिक जीव गेले. त्यातली बहुतेक किशोरवयीन मुले. पुढच्या दिवसांत इंडोनेशियातल्या वृत्तपत्रांत वाद पेटला. बांधकामाच्या कामात विद्यार्थ्यांनाही हात लावावा लागे, कधीकधी शिक्षा म्हणूनसुद्धा, अशा बातम्या आल्या. त्यावर या शाळांची बाजू घेणाऱ्यांनी उलट विचारले, की यात गैर ते काय? आपल्या शाळेसाठी श्रमदान करणे ही आमच्याकडची जुनी रीत आहे.

दोन्ही ठिकाणी मुलांचेच हात राबले. एका ठिकाणी त्याला जगाने शाबासकी दिली आणि दुसऱ्या ठिकाणी त्याच गोष्टीवर साऱ्या देशाने प्रश्नचिन्ह लावले. मुलांनी दुसऱ्यांसाठी राबणे केव्हा संस्कार ठरते आणि केव्हा वेठबिगार, हा तो प्रश्न. तो फक्त जावाचा आहे असे मला वाटत नाही. पण तिथे तो जितका स्पष्ट दिसतो तितका क्वचितच दुसरीकडे दिसेल.

मी तीस वर्षे सातारा जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात शिकवले आणि त्यातली बरीच वर्षे राष्ट्रीय सेवा योजनेचे काम पाहिले. दहा दिवसांच्या शिबिरात मुले रस्ता करत, बांध घालत, संध्याकाळी गावकऱ्यांसमोर नाटुकली करत. घरी परतल्यावर यातले त्यांच्या अंगी काय उरते, हे कुतूहल मला कायम असे. म्हणून मुलगी योग्याकार्ताला शिकत असताना तिच्याकडे दोन महिने राहण्याचा योग आला, तेव्हा तिच्या घरमालकीणबाईंच्या ओळखीने मी जवळच्या एका निवासी इस्लामी शाळेच्या मुलींच्या विभागात जाऊ लागले. भाषेची अडचण मुलीने सोडवली. ती दुभाषी म्हणून सोबत असे.

अशा शाळेला तिकडे ‘पेसांत्रेन’ म्हणतात. तिथे राहून शिकणारा विद्यार्थी तो ‘सांत्री’. पेसांत्रेन म्हणजे सांत्रींची जागा. ‘सांत्री’ हा शब्द आपल्या ‘शास्त्री’वरून आला असावा, असे काही अभ्यासकांचे मत आहे, दुसरी मतेही आहेत. शाळेचा प्रमुख म्हणजे ‘कियाई’ आणि त्यांच्या पत्नी ‘न्याई’. अशा शाळा सरकारी नोंदीनुसार ४० हजारांच्या आसपास आहेत. काहींत पन्नास मुले, तर काहींत कित्येक हजार. पूर्व जावातल्या जोंबांगची तेबुइरेंग ही संस्था हाशिम अशअरी यांनी १८९९ साली स्थापन केली. त्यांचेच नातू अब्दुर्रहमान वाहिद १९९९ ते २००१ या काळात इंडोनेशियाचे राष्ट्राध्यक्ष होते. तेव्हा पेसांत्रेन म्हणजे एखादी कोपऱ्यातली संस्था, असे कोणी समजू नये. त्या देशाच्या सार्वजनिक जीवनाची एक मोठी पेठच आहे ती.

तिथला दिवस पहाटेच्या नमाजाआधी, अंधारातच सुरू होतो. आधी न्हाणीघरापुढे रांग. एका खोलीत दहा-बारा मुली, प्रत्येकीला एक छोटे कपाट आणि रात्री अंथरायची सतरंजी. झाडलोट, संडास-मोऱ्यांची सफाई, स्वयंपाकघरातली मदत या सगळ्यांच्या पाळ्या लावलेल्या. पाळीच्या यादीला त्या ‘पिकेत’ म्हणतात. हा शब्द डचांनी मागे ठेवलेला. शुक्रवारी वर्गांना सुट्टी, आणि त्या सकाळी ‘रोआन’. रोआन म्हणजे साऱ्या शाळेने मिळून केलेली साफसफाई. गटारे उपसणे, अंगण लोटणे, हौद रिकामा करून घासणे. गाणी-गप्पा चालू असतात, आणि संपल्यावर कधी केळीच्या लांब पानावर सगळ्यांचा भात एकत्र वाढून चौफेर बसून जेवण होते. आपल्याकडच्या मुली अशा कामाला नाके मुरडतात. तिथल्याही मुरडत होत्या, ते पाहून मला हायसे वाटले. पण मुरडलेल्या नाकानेच त्या हौदात उतरत होत्या.

इतकी मुले एकत्र राहिली की रोगराई आलीच. खरूज तर पेसांत्रेनची जुनी सोबतीण. खरूज झाल्याशिवाय कोणी खरा सांत्री होत नाही, अशी थट्टाच तिकडे रूढ आहे. यावर उपाय म्हणून आरोग्य खात्याने बऱ्याच शाळांत आरोग्य केंद्रे सुरू करून विद्यार्थ्यांतूनच काहींना प्रथमोपचाराचे शिक्षण दिले. या मुलांना म्हणतात ‘सांत्री हुसादा’. ‘हुसादा’ म्हणजे आपले ‘औषध’च, जावानी तोंडात बसलेले. मी जात असे त्या शाळेत अशी एक सतरा वर्षांची मुलगी होती. सगळ्या तिला ‘म्बाक’, म्हणजे ताई म्हणत. कोणाला ताप आहे, कोण दोन दिवस जेवलेली नाही, कोणाची चादर उन्हात घालायला हवी, याची यादी तिच्या डोक्यात पक्की.

तिला मी एकदा विचारले, “ही सगळी कामे तू कोणासाठी करतेस?”

“बरकतीसाठी, बु,” तिने ठरलेले उत्तर दिले. ‘बु’ म्हणजे आई, कोणाही वडीलधाऱ्या बाईला तिकडे असेच हाक मारतात. गुरूची आणि शाळेची सेवा केली की शिकलेली विद्या फळाला येते, ही पेसांत्रेनमधली पहिली शिकवण. या सेवेला ‘खिदमत’ म्हणतात.

“आणि खोलीतल्या आजारी मुलीचे कपडे धुतेस तेव्हा?”

ती जरा थांबली आणि हसली. “तेव्हा कुठे बरकत आठवते, बु? तिला ताप असतो ना.”

या दोन उत्तरांमध्ये मला साऱ्या विषयाची किल्ली सापडल्यासारखे वाटले. पेसांत्रेनमध्ये मदतीचे दोन प्रवाह शेजारी शेजारी वाहतात. एक वर जाणारा, गुरूकडे. दुसरा आडवा, सोबत्यांकडे आणि शेजाऱ्यांकडे. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसतात, कारण हात तेच, बादली तीच.

वर जाणाऱ्या प्रवाहाची रूपे पाहण्यासारखी आहेत. कियाई मशिदीत गेले की एखादा सांत्री धावत येऊन त्यांच्या सपाता उलट दिशेने वळवून ठेवतो, बाहेर पडताना त्यांना वळावे लागू नये म्हणून. त्यांच्याशी बोलताना आदराची उच्च जावानी बोली वापरायची, नजर खाली ठेवायची. काही विद्यार्थी कियाईंच्या घरीच कामाला असतात. स्वयंपाक, मुले सांभाळणे, गाडी धुणे, शेत पाहणे. त्यांतली कित्येक मुले गरीब घरची असतात आणि या कामाच्या बदल्यात त्यांचे राहणे-शिकणे निभावते. आपल्याला यात परके काही वाटू नये. गुरुगृही लाकडे फोडणारे आणि पाणी भरणारे शिष्य आपल्या कथा-पुराणांत पानोपानी आहेत. पण आपल्याच भाषेत ‘एखाद्याच्या घरी पाणी भरणे’ याला दुसराही अर्थ आहे. तो अर्थ कुठे सुरू होतो, हे पाणी भरणाऱ्या पोराला सांगता येत नाही.

आडव्या प्रवाहाची गंमत अशी, की तो शाळेच्या कुंपणाशी थांबत नाही. गावात कोणी वारले की प्रार्थनेला सांत्रींना बोलावणे येते. संध्याकाळी शाळेतल्या मोठ्या मुली शेजारच्या वस्तीतल्या लहानग्यांना कुराणाची अक्षरे शिकवतात. बकरी ईदला मटणाचे वाटे करून घरोघर पोचवायचे काम यांचेच. गाव शाळेला तांदूळ, भाजी, केळी देते. हिशेब कोणी लिहीत नाही, पण विसरतही नाही. जावातल्या ‘गोतोंग रोयोंग’ला, म्हणजे मिळून काम उरकण्याच्या रिवाजाला, हे धरूनच आहे.

काही ठिकाणी या देवघेवीचे मोठे काम झाले. मादुरा बेट हे जावाच्या ईशान्येला. पाण्याचे दुर्भिक्ष, चुनखडीचे उघडे डोंगर. तिथल्या गुलुक-गुलुक गावी १८८७ साली स्थापन झालेली अन्नुकाया ही पेसांत्रेन आहे. तिने गावकऱ्यांना सोबत घेऊन डोंगरांवर झाडे लावली, पाण्याच्या सोयी केल्या, बचतगट चालवले आणि या कामासाठी समाजसेवेचा स्वतंत्र विभागच उघडला. १९८१ साली तिला इंडोनेशियाचा पर्यावरणाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. या पुरस्काराचे नाव आहे ‘कल्पतरू’.

मध्य जावातल्या पाती जिल्ह्यातले काजेन हे असेच दुसरे गाव. तेथील कियाई सहल महफूज (१९३७–२०१४) पुढे नहदतुल उलमा या देशातल्या सर्वांत मोठ्या मुस्लिम संघटनेचे सर्वोच्च धर्मप्रमुख झाले. धर्मशास्त्राने गावातल्या गरिबीची दखल घेतलीच पाहिजे, असा त्यांचा आग्रह. सत्तरच्या दशकापासून त्यांच्या संस्थेने आसपासच्या लहान उद्योगांना हात दिला. त्यांत घरोघर कुरुपुक करणारे होते. कुरुपुक म्हणजे आपल्या पापडाचा जावानी भाऊ. तेल महाग, म्हणून तिथले गरीब तो तापलेल्या वाळूत भाजत. लोकांनी त्याला नाव ठेवले ‘तयम्मुम’ कुरुपुक. पाणी नसेल तर नमाजाआधी मातीने हात शुद्ध करतात, त्या विधीवरून! गरिबीलाही विनोदाची झालर लावावी ती अशी.

पूर्व जावातल्या गोंतोर या संस्थेने आणखी वेगळी रीत घातली. १९२६ साली तीन भावांनी ही संस्था नव्या रूपात उभी केली. या तिघांना तिकडे ‘त्रिमूर्ती’ म्हणतात आणि संस्थेच्या पाच तत्त्वांना ‘पंचजीव’. प्रामाणिक निष्ठा, साधेपणा, स्वावलंबन, बंधुभाव आणि स्वातंत्र्य ही ती पाच. आपल्यासमोरचे आदर्श म्हणून त्यांनी ज्या चार संस्था मानल्या, त्यांत कैरोच्या अल-अझहरबरोबर आपले अलीगढ आणि रवींद्रनाथांचे शांतिनिकेतनही आहे. येथे अभ्यासक्रम पुरा झाल्यावर मुलाने एक वर्ष कुठल्या तरी शाळेत शिकवायचे, सेवा करायची, तेव्हाच शिक्षण पूर्ण झाले असे मानतात. सेवा हा अभ्यासाचा शेवटचा धडा.

सेवेतून शिक्षण हा विषय मानसशास्त्राच्या अभ्यासकांनीही तपासला आहे. १९९९ साली स्टुकास, स्नायडर आणि क्लॅरी या तिघांनी अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. सक्तीची समाजसेवा करताना आपल्यावर बाहेरून दडपण आहे असे ज्यांना वाटले, त्यांची पुढे आपणहून मदत करण्याची इच्छा मंदावलेली आढळली. कामात थोडीफार निवड ज्यांना मिळाली, त्यांचे तसे झाले नाही. त्याच वर्षी आयलर आणि जाइल्स यांचे पुस्तक आले. त्यांचे म्हणणे असे, की नुसते काम करून मूल शिकत नाही. केलेल्या कामावर बोलणे, विचार करणे, वर्गातल्या शिकण्याशी त्याची सांगड घालणे, हे झाले तरच ते अंगी लागते.

हे वाचल्यावर मला पेसांत्रेनमधली एक गोष्ट अधिक खटकू लागली. शुक्रवारी जो संडास सगळ्या मिळून बरकतीसाठी धुतात, तोच संडास शनिवारी एकटीला शिक्षा म्हणून धुवावा लागतो. नियम मोडला, उशीर झाला, न विचारता बाहेर गेली, की शिक्षा म्हणून सफाई. एकच काम एका दिवशी मान आणि दुसऱ्या दिवशी अपमान असेल, तर मुलीने त्याला काय म्हणावे? आपल्या शाळांतही ‘वर्ग झाड’ ही शिक्षाच असते, नाही का?

यापुढची पायरी आणखी वाईट. आज्ञा पाळणे हाच सद्गुण झाला की दुष्टाच्या हाती आयते हत्यार पडते. २०२१ साली बांडुंगमधले एक प्रकरण उघडकीस आले. शाळा चालवणाऱ्या माणसाने तेरा विद्यार्थिनींवर अत्याचार केले होते, आणि मुलींना इमारतीच्या बांधकामावर राबवले जात होते हेही बाहेर आले. न्यायालयाने २०२२ मध्ये त्याला आधी जन्मठेपेची आणि अपिलात फाशीची शिक्षा सुनावली. त्याच वर्षी एका नावाजलेल्या संस्थेत वरच्या वर्गातल्या मुलांच्या मारहाणीत एक विद्यार्थी दगावला. मोठ्याने धाकट्याला सांभाळायचे, ही त्या शाळांतली सुंदर व्यवस्था. पण तिच्यावर कोणाची नजर नसली, की सांभाळणारा हातच उगारला जातो.

इंडोनेशियात याची चर्चा दबलेली नाही. सिदोआर्जोच्या दुर्घटनेनंतर दोनच आठवड्यांत एका दूरचित्रवाणी वाहिनीने कियाईंपुढे वाकणाऱ्या सांत्रींची टवाळी करणारा कार्यक्रम दाखवला. ही सरंजामशाही आहे, असा त्याचा सूर. सांत्री आणि माजी विद्यार्थी खवळले. वाहिनीला माफी मागावी लागली. माझ्या मते टवाळी करणारे आणि खवळणारे, दोघांचाही नेम चुकला. वाकण्यात वाईट काही नाही; आपणही वडीलधाऱ्यांच्या पाया पडतोच. वाकलेल्या मुलाला ‘हे मी करणार नाही’ असे म्हणता येते की नाही, हा खरा प्रश्न आहे.

कायद्याने थोडी पावले टाकली आहेत. २०१९ च्या पेसांत्रेनविषयक कायद्याने या शाळांची तीन कामे ठरवली : शिक्षण, धर्मप्रसार आणि लोकांचे सबलीकरण. म्हणजे समाजाच्या उपयोगी पडणे हे आता कियाईंच्या मर्जीवर न राहता संस्थेचे कर्तव्य ठरले. २०२२ साली धर्मव्यवहार मंत्रालयाने आपल्या अखत्यारीतल्या शिक्षणसंस्थांत लैंगिक अत्याचार रोखण्याचे नियम काढले. सिदोआर्जोनंतर शाळांच्या इमारतींची तपासणी, बांधकाम-परवाने यांबद्दल सरकार बोलू लागले. पण कागदावरचा नियम न्हाणीघरापुढच्या रांगेपर्यंत पोचायला वेळ लागतो.

मला विचाराल तर पाबेलानचे बांधकाम आणि सिदोआर्जोचे बांधकाम यांतला फरक विटांत नव्हता. पाबेलानला मुलांच्या बरोबरीने गाव राबत होते. जे उभे राहत होते ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आणि सगळ्यांच्या उपयोगाचे होते. मुलांच्या हातून काय करून घेतले जात आहे हे पाहायला आणि विचारायला शाळेबाहेरचे कोणी तिथे रोज हजर होते. भिंत बंद झाली, की श्रद्धा कितीही खरी असली तरी जाब विचारणारा उरत नाही. आणि मदतीची सवय तर मुलांना त्या शाळा उत्तम लावतात, यात मला शंका नाही. ती म्बाक कोणत्याही सेवा-शिबिरात जे शिकता येणार नाही ते, खोलीत कोण जेवले नाही याची रोज नोंद ठेवून शिकली होती.

आपली मुले पेसांत्रेनमध्ये जात नाहीत. पण ती वसतिगृहात राहतात, शिबिरांना, सत्संगांना, क्रीडा-प्रबोधिनींना जातात, उत्सव-मंडळांत राबतात. तिथून ती घरी आली की आपण विचारतो, “काय काम केलेस?” आणि कौतुक करतो. आणखी तीन प्रश्न विचारायला हरकत नाही. हे काम कोणाच्या उपयोगाचे होते? मोठी माणसे तुझ्याबरोबर राबत होती की नुसती उभी होती? आणि तू नाही म्हणाली असतीस, तर काय झाले असते? तिसऱ्या प्रश्नाला मूल गप्प राहिले, तर तो विषय तिथेच सोडू नये. जेवण झाल्यावर, सवडीने, पुन्हा काढावा.